पिवळी पिन

आमच्याकडे खेळायचा दादा. मी पिन धरायचे.

टीव्हीच्या पाठीला तीन भोकं होती. पिवळं, पांढरं, लाल. पांढरी आणि लाल पिन गुमान बसायच्या, पिवळीचं भोक मात्र सैल झालं होतं. पिन नुसती खुपसली तर चित्र यायचं, दोन-चार मिनिटं टिकायचं आणि नेमकं उडी मारायच्या वेळी फरफरून जायचं. पिन अंगठ्याने किंचित वर उचलून उजवीकडे पिळून धरली की चित्र परत जागेवर. हा कोन घरात फक्त मला जमायचा. त्यामुळे दादाने कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, लावला की मी टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. पाठीला गार भिंत, तोंडावर पिक्चर ट्यूबची ऊब, नाकात धूळ. तिथून पडदा दिसायचा नाही. दिसायचा तो दादाचा चेहरा, पडद्याच्या उजेडात कधी हिरवा, कधी जांभळा.

"मेलो!" तो ओरडायचा. मग ती चार सुरांची रडवी धून, मग सगळं पहिल्यापासून.

त्या खेळाचं संगीत मला आजही तोंडपाठ आहे. कुठली धून लागली की दादा ओठ चावतो, कुठल्या आवाजानंतर तो मांडी बदलतो, सगळं पाठ. पण खेळ दिसतो कसा, हे मला परवापरवापर्यंत धड माहीत नव्हतं. चित्र माझ्याच बोटांमधून जात होतं, मला तेवढं दिसत नव्हतं.

म्हणून एका जुन्या खोक्यात तो कन्सोल सापडल्यावर, आणि तो चालूही होतो हे कळल्यावर, मी दादाला म्हटलं, "तू खेळ, मी रेकॉर्ड करते." खरं कारण सांगितलं नाही. रेकॉर्ड करते म्हटलं की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

जुन्या यंत्राला हात लावण्याआधी नव्यावर शिकून घ्यायचं ठरलं. दादाकडे प्लेस्टेशन ४ आहे. आता त्याच्या कंट्रोलरवर 'शेअर' नावाचं बटण असतं, ते कायम मागची १५ मिनिटं लक्षात ठेवतं आणि सेटिंग बदललं तर तासभरही. मग रेकॉर्डिंगसाठी वेगळं कॅप्चर कार्ड कशाला, असं दादाने विचारलंच. कारण साध्या प्लेस्टेशन ४ वर ते बटण ७२०पी आकाराची, म्हणजे ७२० रेघांची, आणि सेकंदाला ३० फ्रेमची, म्हणजे ३० चित्रांची, फीत देतं, काही प्रसंग खेळ बनवणाऱ्यांनीच रेकॉर्डिंगला बंद केलेले असतात, आणि मुख्य म्हणजे खोक्यातल्या त्या म्हाताऱ्याला असलं बटणच नाही. त्याच्यासाठी बाहेरून कुणीतरी बघणारं लागणार होतं.

कॅप्चर कार्ड म्हणजे तळहातावर मावणारी एक डबी. एका बाजूला एचडीएमआयची दोन तोंडं, 'इन' आणि 'आउट', दुसऱ्या बाजूला यूएसबी. कन्सोलमधून निघालेली वायर डबीत जाते. डबी चित्राची एक प्रत जशीच्या तशी टीव्हीकडे सोडते आणि दुसरी लॅपटॉपकडे. एवढंच काम. मी पहिल्याच फटक्यात चुकले. प्लेस्टेशनच्या पाठीवर 'एचडीएमआय आउट' लिहिलेलं, डबीवरही 'आउट', म्हणून मी आउटला आउट जोडलं. सारख्याला सारखं. दहा मिनिटं वायरी बदलून पाहिल्या, टीव्हीला शिव्या घातल्या, आणि मग ध्यानात आलं की एकाचं बाहेर म्हणजे दुसऱ्याचं आत.

तेवढं सुधारल्यावर टीव्हीवर चित्र आलं. लॅपटॉपवर काळोख.

साधा काळोख. कार्ड सापडलं होतं, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' म्हणून त्याचं नाव दिसत होतं, आकार १९२० बाय १०८० दिसत होता, आत मात्र काजळ. दादा टीव्हीवर आरामात मेनू फिरवतोय आणि माझ्याकडे काही नाही. म्हटलं, आलं नशिबी तेच. पुन्हा टीव्हीच्या मागेच.

पिवळ्या पिनेच्या काळात वायर ही मुकी गोष्ट होती. एका टोकाला चित्र ओतलं की दुसऱ्या टोकाला निघायचं, धातूला धातू टेकला म्हणजे झालं. एचडीएमआयच्या तोंडात १९ पिना असतात आणि त्यांतल्या काही केवळ बोलण्यासाठी ठेवलेल्या असतात. वायर लावली की आधी टीव्ही एका पिनेवरून कळवतो, मी आलोय. मग कन्सोल त्याची कुंडली मागवतो. तुला कुठले आकार झेपतात, सेकंदाला किती फ्रेम, आवाज कुठल्या प्रकारचा? या कुंडलीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ गठ्ठा १२८ बाइटचा असतो. मध्ये डबी बसली की ती बऱ्याचदा स्वतःचीच कुंडली पुढे करते. मग टीव्ही ४के असो नाहीतर आणखी काही, डबीला १०८०पीच्या वर झेपत नसेल तर कन्सोलही निमूट तेवढंच पाठवतो. नवं कार्ड लावल्यापासून चित्र उतरलं, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं इथे असावं, असा माझा अंदाज आहे.

कुंडली जुळली की तिसरी पायरी, कुलपाची. तिचं नाव एचडीसीपी. इंटेलने ही पद्धत बनवली ती सिनेमांच्या डिजिटल प्रती वायरीतून चोरल्या जाऊ नयेत म्हणून. तिच्या मूळ आवृत्तीची रचना मला फार आवडली, कुलूप आवडलं नाही तरी. प्रत्येक उपकरणाच्या पोटात ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या असतात, आणि एक उघड क्रमांक असतो, ज्यात बरोबर २० एक आणि २० शून्य असतात. दोघं आपापला क्रमांक एकमेकांना सांगतात. तुझ्या क्रमांकात जिथे एक आहे, तिथल्या माझ्या २० किल्ल्या मी निवडायच्या आणि त्यांची बेरीज करायची. तूही माझ्या क्रमांकावरून तेच करायचं. किल्ल्या वेगळ्या, क्रमांक वेगळे, आणि तरी दोन्हीकडची बेरीज एकच निघते, कारण साऱ्या किल्ल्या एकाच मूळ तक्त्यातून पाडलेल्या असतात. बेरीज जुळली की चित्र सुरू. तो मूळ तक्ता सप्टेंबर २०१० मध्ये इंटरनेटवर फुटला आणि तो खरा असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. कुलूप मात्र अजून लावलं जातं.

माझ्या डबीने टीव्हीची आणि कन्सोलची ही बेरीज जुळू दिली होती, पण स्वतः चित्र रेकॉर्ड करायला दिलं नव्हतं. नियमाने तिला ते करता येत नाही. माझा राग एवढाच की कुलूप सिनेमासाठी आहे, आणि अडकली होती माझ्या भावाची उडी. प्लेस्टेशन ३ वर तर हे कुलूप काढताच येत नसे. मंडळी एचडीएमआय सोडून पाच पिनांच्या कंपोनंट वायरीने रेकॉर्ड करायची, कारण त्या वायरीला बोलता येत नाही, त्यामुळे अडवताही येत नाही. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये बाजारात आला तोही कुलूपबंदच. एप्रिल २०१४ च्या अपडेटनंतर सेटिंग्जमध्ये, सिस्टिमच्या यादीत, एक चौकोन आला. त्यातली खूण काढली की कुलूप उघडतं. बदल्यात सिनेमे दाखवणारी काही ॲप खूण परत घालेपर्यंत चालत नाहीत. निन्टेन्डो स्विच आणि एक्सबॉक्स वन यांच्यावर खेळ चालू असताना ही भानगड नसते.

मी खूण काढली. टीव्ही दोनदा मिचकावला आणि लॅपटॉपवर दादाचा मेनू उगवला. मी उगाचच टाळी वाजवली.

पुढचे दोन दिवस वायरीच्या जाडीचे होते. म्हणजे खरी जाडी नव्हे, किती माल जातो ती. गणित सोपं आहे आणि एकदा करून बघण्यासारखं आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांवर ठिपके, सेकंदाला ६० वेळा, आणि ठिपक्यामागे रंग थोडा काटकसरीने साठवला तरी २ बाइट. झाले सेकंदाला साधारण २५० मेगाबाइट. बिटांत मोजलं तर २ गिगाबिट. यूएसबी २.० च्या वायरीतून कागदावरही ४८० मेगाबिटच जातात. म्हणून त्या पिढीच्या स्वस्त डोंगलला, म्हणजे छोट्या कॅप्चर डबीला, चित्र आत येता येताच दाबून लहान करावं लागतं, नाहीतर फ्रेम गाळाव्या लागतात. यूएसबी ३.० वर ५ गिगाबिटची वाट मिळते, तिथे जागा आहे. हे सगळं वाचून मी शहाणी झाले, लॅपटॉपचं निळं भोक शोधून त्यात वायर घातली, आणि तरी चित्र सेकंदाला पाचच फ्रेमने, फोटोंचा अल्बम चाळावा तसं. वायर होती फोन चार्ज करायची. टोकं दिसायला तीच, आत जलद पोहोचवणाऱ्या तारा नव्हत्याच. डब्यातली मूळ वायर मी 'चांगली आहे, जपून ठेवू' म्हणून जपून ठेवली होती.

कच्चं चित्र तसंच साठवलं तर तासाला ८९६ गिगाबाइट होतात. कुणी साठवत नाही. एच.२६४ नावाची पद्धत २००३ पासून हे काम करते. ती मागची फ्रेम आणि पुढची फ्रेम शेजारी ठेवून फक्त फरक लिहून ठेवते. मी सेकंदाला २० मेगाबिटची मर्यादा घातली, तर तास ९ गिगाबाइटमध्ये बसला. या पद्धतीचा स्वभाव दोन-तीन रेकॉर्डिंग पाहिल्यावर कळतो. दादा मेनूत अर्धा तास कुठली तलवार घ्यावी म्हणून बसला तरी तिला काही खर्च नाही, कारण काही हललंच नाही. पण खेळात पाऊस सुरू झाला की तिची त्रेधा उडते. हजारो थेंब, प्रत्येक फ्रेमला प्रत्येक थेंब दुसरीकडे, फरक लिहून लिहून ती थकते आणि मग चित्राचे चौकोन पडायला लागतात. पाऊस, गवत, उडणारी पानं, ठिणग्या. बघणाऱ्याला ज्याकडे नुसतं बघत राहावंसं वाटतं, नेमकं तेच यंत्राला महाग पडतं.

याच्या अगदी उलटी एक रीत आहे आणि ती मला या सगळ्या भानगडीत सापडली. 'डूम' हा १९९३ चा खेळ स्वतःच रेकॉर्डिंग करायचा, पण चित्राचं नव्हे. तो फक्त खेळणाऱ्याने काय केलं ते लिहून ठेवायचा. सेकंदाचे ३५ तुकडे, दर तुकड्याला ४ बाइट. पुढे किती, बाजूला किती, वळला किती, बटण कुठलं. तासभराचा खेळ अर्ध्या मेगाबाइटमध्ये. परत पाहायचा तर खेळच ती बटणं स्वतःशी दाबत पुन्हा खेळतो. हे जमतं कारण त्यातला योगायोग खरा योगायोग नाही. २५६ आकड्यांचा एक ठरीव तक्ता आहे आणि राक्षस कधी चुकणार, कधी नेम धरणार, हे त्यातून ओळीने उचललं जातं. दादाला मी हे रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा लावलं की मी पुन्हा तस्साच मरणार?" हो, म्हटलं, तस्साच.

आवाजाने एक अख्खी संध्याकाळ खाल्ली, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. दादाने हेडफोन कंट्रोलरला लावले होते. हेडफोन तिथे लावले आणि त्यांना सगळा आवाज द्यायची सेटिंग असली की खेळाचा आवाज कंट्रोलरकडे वळतो आणि एचडीएमआयच्या वायरीतून शांतता जाते. सव्वा तासाचं मूकनाट्य तयार झालं. सेटिंगमध्ये हेडफोनला फक्त गप्पांचा आवाज द्यायचा, बाकीचा वायरीत ठेवायचा, की झालं. दुसरी गोष्ट, कन्सोलचा आवाज डॉल्बीवर ठेवला असेल तर बऱ्याच डब्यांना तो कळत नाही, लिनिअर पीसीएम, म्हणजे न दाबलेला, करावा. तिसरी, फाइल एमकेव्ही ठेवावी. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मध्येच वीज गेली तर आतलं सगळं असून नसल्यासारखं. एमकेव्हीत तोपर्यंतचं शाबूत राहतं, आणि मागाहून ओबीएसमध्येच दोन क्लिकमध्ये एमपी४ करता येतं. हे मी कसं शिकले ते विचारू नका.

त्या रात्रींमधली एक गोष्ट मात्र मनात राहिली. दादा टीव्हीसमोर बसायचा, मी मागे टेबलापाशी लॅपटॉप घेऊन, त्याच्याकडे पाठ करून. टीव्हीला जाणारं चित्र डबीतून थेट जातं. लॅपटॉपचं चित्र यूएसबीतून, मग ओबीएसमधून, मग पडद्यावर, असं रमतगमत येतं. दादाचा आवाज मात्र खोलीतल्या हवेतून. त्यामुळे आधी "मेलो!" ऐकू यायचं, आणि मग माझ्या पडद्यावर, अजून ठणठणीत जिवंत असलेला गडी धावत यायचा, उडी घ्यायचा आणि मरायचा. किती उशीर, ते मी फोनच्या स्लो मोशनमध्ये दोन्ही पडदे धरून मोजलं. १२ फ्रेम. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. बघायला काहीच नाही, खेळायला मात्र अशक्य. दादाने एकदा हट्टाने लॅपटॉपकडे बघून खेळून पाहिलं, एकाच खड्ड्यात सात वेळा पडला आणि म्हणाला, "हा माझं ऐकत नाही."

मरणाची बातमी आधी दादाच्या तोंडून आणि मग पडद्यावरून. मला या क्रमाची सवय होती. लहानपणी तर नंतरचा भाग नव्हताच.

आणखी एक लक्षात आलं. खेळणाऱ्याचं व्याकरण प्रथमपुरुषी एकवचनी असतं. मेलो. अडकलो. सुटलो रे. चाळीस ठिपक्यांच्या उंचीचं ते रंगीत बुजगावणं, आणि दादा त्याच्याबद्दल कधीच 'तो' म्हणत नाही. हट्टाने लॅपटॉपकडे पाहून खेळला तेवढ्यापुरता म्हणाला, कारण तेवढ्यापुरता त्याच्या बोटांचा आणि गड्याचा संबंध सुटला होता. बाराच फ्रेम सुटला होता.

मग जुना कन्सोल काढला.

सोळा बिटांचा, वरून कार्ट्रिज खुपसायचा. पाठीला एक लांब वायर आणि टोकाला तीन पिना. एचडीएमआयची डबी इथे निरुपयोगी, म्हणून पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांचा दुसरा डोंगल घेतला. यात टीव्हीकडे परत जाणारं तोंड नसतं, म्हणून पिवळ्या वायरीला इंग्रजी 'वाय'सारखा फाटा लावला. एक पाय जुन्या ट्यूबच्या टीव्हीत, एक डोंगलात. लावला आणि दोन्हीकडे चित्र मलूल झालं. ही वायर एका टोकाला ७५ ओहमचा भार धरून बनवलेली असते. दोन टोकांनी एकदम ओढली की दोघांच्या वाट्याला पूर्वीच्या दोनतृतीयांशच ताकद येते. चालवून घेतलं. डोंगलचं भोक नवं कोरं, घट्ट. तरी पिन घालताना माझा अंगठा आपसूक वर गेला आणि मनगट उजवीकडे पिळलं.

पहिलं चित्र काळंपांढरं, आणि वरून खाली घरंगळणारं. पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन जुन्या पद्धती. सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडलं होतं, कन्सोल होता एनटीएससी. पालमध्ये ६२५ रेघा आणि सेकंदाला ५० झपके, एनटीएससीमध्ये ५२५ आणि जवळपास ६०. ते बदललं आणि रंग आले.

मी पहिल्यांदा तो खेळ समोरून पाहत होते. तळी निळी आहेत, हे मला माहीत नव्हतं. त्या रडव्या धूनीच्या वेळी ढगसुद्धा थांबतात, हे माहीत नव्हतं. जो 'टुंग' आवाज मी इतकी वर्षं दार उघडल्याचा समजत होते, तो एका बेडकाचा निघाला.

दादा म्हणाला होता की लहानपणी एका रात्री, सगळे झोपले असताना, त्याने हा खेळ शेवटपर्यंत जिंकला. कुणी मानलं नाही. त्या रात्री पिन कुणी धरली, असं मी विचारायचे, आणि तिथे त्याची गोष्ट संपायची. पुराव्याचा प्रश्न या धंद्यात जुनाच आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲक्टिव्हिजन ही कंपनी ठरावीक गुण मिळवणाऱ्यांना कापडी बिल्ले पाठवायची, आणि त्यासाठी टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून टपालाने धाडावा लागायचा. फ्लॅश बंद, शटर संथ. कारण ट्यूबवर चित्र एकदम नसतंच, एक ठिपका रेघा ओढत सुटलेला असतो. शटर घाईत मिटलं तर अर्धा पडदा काळा, आणि नेमके गुण काळ्या अर्ध्यात. म्हणजे चित्र टिपणाऱ्याची आणि चित्र काढणाऱ्याची गती जुळली नाही तर पुरावाच गळतो. हे मी वाचलं होतं. अनुभव पुढे यायचा होता.

दादाने दोन तास खेळून चौथी लेव्हल गाठली. आम्ही फीत लावली. तिसऱ्या मिनिटाला गड्याला एक काटेरी गोळा लागला आणि गडी नाहीसा झाला.

मेला नाही. नाहीसा झाला. दोन सेकंद रस्ता रिकामा, ढग सरकताहेत, नाणी एकामागून एक आपोआप गायब होताहेत, उडी मारल्याचा आवाज येतोय आणि उडी मारणारा कुणी नाही. मग गडी एकदम पुढे दहा पावलांवर उगवला आणि चालू लागला. पुढच्या माराला उलटंच, गडी ढिम्म राहिला, जणू काही लागलंच नाही. तिसऱ्याला पुन्हा गायब.

"हे असं नाहीये," दादा म्हणाला. "मार बसला की मी लुकलुकतो."

त्याचं बरोबर होतं. जुन्या खेळांत मार बसल्यावर थोडा वेळ पुन्हा मार लागत नाही, आणि ते कळावं म्हणून गडी लुकलुकतो. एका फ्रेमला काढायचा, पुढच्या फ्रेमला काढायचा नाही. सेकंदाला ६० वेळा असं केलं की ट्यूबच्या पडद्यावर तो अर्धा पारदर्शक, भुतासारखा दिसतो. आता टीव्हीचं नेहमीचं चित्र दोन अर्ध्यांत येतं, आधी विषम रेघा, मग सम रेघा, आणि दोन्ही मिळून एक पूर्ण चित्र. जुन्या कन्सोलनी यातून पळवाट काढली होती. ते प्रत्येक वेळी त्याच त्या रेघांवर काढायचे. रेघा २४० च, पण दर झपक्याला नवं चित्र. ट्यूबला त्याचं काही वाटायचं नाही. माझ्या डोंगलला मात्र वाटलं की ही नेहमीचीच दोन अर्धी आहेत. त्याचं सॉफ्टवेअर एक अर्धं ठेवून दुसरं टाकून देत होतं, आणि ६० चे ३० करत होतं. ज्या फ्रेमांमध्ये गडी होता त्या टाकल्या गेल्या तर फितीत गडी नाही. ज्यांत नव्हता त्या टाकल्या तर गडी ढिम्म. मार सम झपक्याला बसला की विषम, यावर सगळं. नाणेफेक.

आवाज आहे आणि चित्र नाही, याचं मला तसं नवल वाटायला नको होतं. पण त्या रिकाम्या रस्त्याकडे दादा ज्या नजरेने पाहत होता, ती नजर मी टीव्हीच्या मागून कधी पाहिली नव्हती.

इलाज फुकटचा निघाला. डोंगलचं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि तेच ओबीएसमध्ये घेतलं. तिथे सोर्सवर राइट क्लिक केलं की डीइंटरलेसिंगची, म्हणजे त्या दोन अर्ध्यांचं काय करायचं याची, यादी येते. 'डिस्कार्ड' म्हणजे अर्धं टाका, 'ब्लेंड' म्हणजे दोन्ही कालवा, ज्यात गडी कायम धुरकट राहतो. मी 'लिनिअर टू एक्स' निवडलं. त्यात प्रत्येक अर्ध्याचं स्वतंत्र पूर्ण चित्र होतं आणि ३० चे पुन्हा ६० होतात. चित्र अर्ध्या रेघेने वरखाली थरथरतं, ते खपवून घ्यावं लागतं. रेकॉर्डिंगही ६० वर ठेवलं. दादाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, काही न बोलता.

रात्री उशिरा आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो, शेजारी शेजारी. या खेळासाठी आम्ही एका बाजूला बसल्याची ही पहिलीच वेळ. काटेरी गोळा आला, लागला, आणि गडी लुकलुकला. मी फीत थांबवून एकेक फ्रेम पुढे नेली. आहे. नाही. आहे. नाही. आहे. दादाने मोजलं, मग कंटाळून म्हणाला, "चालू दे गं."

मी चालू केलं. निळं तळं, बेडूक, त्यावरून उडी, जी जराशी आखूड पडली. रडवी धून सुरू झाली. ढग थांबले.

"मेला," दादा म्हणाला, आणि माउस स्वतःकडे ओढून फीत मागे घेतली.